सीडी खराब नव्हती

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणते आणि जो कोल्हापुरात वकिली करतो, एका पक्षकाराचा मोबाइल घेऊन राजारामपुरीतल्या आमच्या घरी आला. करवीर तालुक्यातल्या एका शेताच्या बांधाचा वाद होता, आणि त्या बांधाचे तीन व्हिडिओ व काही फोटो त्याला न्यायालयात दाखल करायचे होते. "ते पेन ड्राइव्ह-बिव्ह नको गं, सीडीच पायजे. तीन काढ," एवढे सांगून तो चहा पिऊन गेला. पेन ड्राइव्हवरचा मजकूर कोणालाही पुसता येतो आणि बदलता येतो, तर सीडी-आर एकदा लिहून बंद केली की तिच्यात काही घालता येत नाही, आणि पाकिटात घालून ती कागदपत्रांच्या फायलीला टाचताही येते, असा त्याचा सरळ हिशेब होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ (४) प्रमाणे जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आणि मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा, लिहायचे असते, म्हणून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडाही त्याला हवा होता. हे काम एका संध्याकाळचे आहे असे मी त्याला सांगितले, आणि त्यात माझे नऊ दिवस गेले.

माझ्या लॅपटॉपवर गेली कित्येक वर्षे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली आहे, सध्या आवृत्ती २१. लॅपटॉपमधला मूळचा डीव्हीडी रायटर कधीच निकामी झाला होता, म्हणून मी यूएसबीला जोडायचा एक पातळ बाहेरचा रायटर विकत आणला. खोक्यात रायटरबरोबर एक विचित्र केबल होती, जिच्या एका टोकाला रायटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीच्या दोन पिना होत्या, त्यांतली एक जाड वायरीची आणि एक बारीक वायरीची. जाड पिन मी टेबलावरच्या यूएसबी हबमध्ये घातली आणि बारीक वायर गुंडाळून रबर लावून तशीच ठेवली, कारण रायटर तेवढ्यावर चालू झाला, दिवा लागला आणि एक जुनी गाण्यांची सीडी घातली तर ती विनातक्रार वाजली. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढच्या सहा दिवसांत मी संशय घ्यायच्या सगळ्या जागी संशय घेतला आणि त्या रबर लावलेल्या वायरीकडे एकदाही पाहिले नाही.

फाइली गोळा करताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की पक्षकाराने दादाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप आणि त्याच्या मोबाइलमधली क्लिप एक नव्हे, कारण पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि त्याचा हॅश मुळापासून वेगळा येतो. म्हणून मोबाइल केबलने जोडून मूळ फाइली घेतल्या आणि त्यांचे आकडे काढून एका वहीत लिहून ठेवले. सगळे मिळून ५४० एमबीच्या आसपास भरले. ऐंशी मिनिटांच्या सीडीवर प्रत्येक सेकंदाला ७५ याप्रमाणे ३,६०,००० सेक्टर, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, असतात आणि डेटा लिहिताना एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट मावतात, त्यामुळे जागेची काळजी नव्हती.

ब्रासेरो नावाचा प्रोग्रॅम घेतला, फाइली त्यात ओढल्या, कोरी सीडी घातली आणि बटण दाबले. रायटर घरघरला, वेग घेतला, पुन्हा मंदावला, आणि अर्ध्या मिनिटात "सीडी लिहिताना चूक झाली" एवढ्याच अर्थाची एक ओळ समोर आली. काय चुकले, कोठे चुकले, हे काहीही नाही. मी ती सीडी बाजूला ठेवून केथ्रीबी घेतला, ज्याने आपल्याबरोबर केडीई या वेगळ्या डेस्कटॉपची अर्धी वरात माझ्या मशीनवर आणली, आणि त्यातही तसेच झाले. प्रोग्रॅम बदलला म्हणून काही बदलेल ही अपेक्षा किती भाबडी होती ते मला नंतर कळले. ही दिसायला वेगवेगळी असलेली साधने खिडकीपुरती वेगळी असतात आणि प्रत्यक्ष लिहिण्याचे काम आतल्या दुसऱ्याच कोणाकडे सोपवतात. माझ्या मशीनवर केथ्रीबीच्या मागे वोडिम होता. या वोडिमची कुळकथा अशी, की यॉर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड हा लिनक्सवरचा जुना आणि नामांकित प्रोग्रॅम, परंतु त्याच्या काही भागांचा परवाना बदलल्यानंतर तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळत नाही असे डेबियन या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी ठरवले आणि २००६ मध्ये जुन्या आवृत्तीवरून सीडीरकिट नावाचा वेगळा फाटा काढला, ज्यात सीडीरेकॉर्डचे नाव वोडिम झाले आणि इमेज, म्हणजे सीडीवर जशीच्या तशी उतरवायची एकच मोठी फाइल, तयार करणाऱ्या एमकेआयएसओएफएसचे जेनआयएसओइमेज. म्हणून तिसऱ्या दिवशी मी खिडक्या मिटल्या आणि टर्मिनल उघडून थेट वोडिमशीच बोलायला बसले.

टर्मिनलमध्ये मजकूर भरपूर येतो, आणि मी तो वरून वाचत आले, ही माझी पुढची चूक. पहिल्याच ओळींत "ऑपरेशन नॉट परमिटेड" असे लिहून मेमरी लॉकची मर्यादा वाढवता आली नाही अशी तक्रार होती. परवानगी नाही म्हटल्यावर मी परवानगीच्या मागे लागले. मी सीडीरॉम या गटात आहे की नाही ते पाहिले, होते. रायटरच्या फाइलचा गट पाहिला, तोही बरोबर होता. शेवटी सुडो लावून प्रशासक म्हणून आज्ञा चालवली, तेव्हा ती ओळ नाहीशी झाली आणि सीडी मात्र पूर्वीप्रमाणेच फसली. ती ओळ निव्वळ इशारा होती आणि इशाऱ्यानंतरही काम पुढे सरकत होते. खरी तक्रार सगळ्यात खाली, बऱ्याच आकड्यांच्या गर्दीत होती. तिच्यात सेन्स की ३, म्हणजे मीडियम एरर, आणि सेन्स कोड ७३, त्यापुढे ०३, "पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर" असे शब्द होते.

मीडियम म्हणजे माध्यम, आणि माध्यम म्हणजे सीडी. रायटर स्वतःच सांगतो आहे की सीडी खराब आहे, असा मी अर्थ लावला आणि लक्ष्मीपुरीत गेले. पूर्वी ज्या दुकानात पन्नास-पन्नासचे डबे रचलेले असत, तेथे आता मोबाइलचे कव्हर टांगलेले होते. दुकानदाराने माळ्यावरून धुळकट डबा काढून दिला आणि "आता ह्या कोण घेतंय ताई, तुम्हीच बघा," असे म्हणत पैसे घेतले. वेगळ्या नावाच्या या सीडीही त्याच ओळीवर फसल्या. मग वोडिमला एटिप नावाची माहिती विचारली, जी कोऱ्या सीडीच्या खोबणीतच कारखान्यात कोरलेली असते. तिने दाखवले की माझ्या आधीच्या आणि या नव्या सीडींचा मूळ उत्पादक एकच आहे आणि दोन्हींचा रंगथरही थॅलोसायनिनच्या जातीचा आहे. डब्यावरचे नाव बदलून मी तीच वस्तू दोनदा विकत घेतली होती, त्यामुळे हा प्रयोग प्रयोगच नव्हता.

येथे माझे काम थोडे वळणावर आले, कारण कॅलिब्रेशन म्हणजे नक्की काय ते मी पहिल्यांदाच समजून घेतले. सीडी लिहिणे म्हणजे लेझरने तिच्या रंगथरावर खुणा भाजणे. किती ताकदीने भाजायचे ते मात्र ठरलेले नसते. सीडीचा रंगथर, लिहिण्याचा वेग, लेझरचे वय आणि त्या वेळचे तापमान, या सगळ्यांवर ते अवलंबून असते. म्हणून प्रत्येक लेखनाच्या आधी रायटर सीडीच्या आतल्या कडेच्या एका राखीव पट्ट्यात वेगवेगळ्या ताकदीने छोट्या खुणा करून पाहतो, त्या परत वाचतो, आणि ज्या ताकदीची खूण सर्वांत स्वच्छ उमटली ती ताकद निवडतो. हा राखीव पट्टा म्हणजेच पॉवर कॅलिब्रेशन एरिया, आणि त्यात शंभर चाचण्यांची सोय असते. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून पाहतात, तसलाच हा प्रकार आहे. आता तवा तापलाच नाही, तर शिंतोडा मारणाऱ्याला एवढेच कळते की चर्र आवाज आला नाही. तव्यात दोष आहे की गॅस संपत आला आहे, ते त्याला कळत नाही. रायटरलाही एवढेच कळत होते की खूण उमटत नाही, आणि त्याच्या भाषेत त्याला एकच शब्द ठाऊक होता, मीडियम एरर.

मग मी वोडिमला डमी हा पर्याय दिला. यात सगळी लिहिण्याची प्रक्रिया खरी होते, डेटा खरोखर रायटरपर्यंत जातो, फक्त लेझर लिहिण्याच्या ताकदीने पेटत नाही. ही रंगीत तालीम पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत बिनबोभाट पार पडली. म्हणजे इमेज बरोबर होती, परवानग्या बरोबर होत्या, प्रोग्रॅम बरोबर होता, केबलमधून डेटा नीट जात होता. जुनी सीडी वाजत होती, म्हणजे वाचणेही ठीक होते. लेझर पूर्ण ताकदीने पेटायची वेळ आली की मात्र काहीतरी कोसळत होते. मी दुसऱ्या टर्मिनलमध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, संदेशप्रवाह चालू ठेवला आणि खरे लेखन पुन्हा सुरू केले. ज्या क्षणी रायटर मंदावला त्याच क्षणी तेथे यूएसबी उपकरण रीसेट झाल्याची ओळ उमटली. ती वाचून मी टेबलाखाली वाकले आणि रबर लावलेली ती बारीक वायर पाहिली.

यूएसबी २ चे एक पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर वीज देते आणि यूएसबी ३ चे ९००. माझा हब स्वतंत्र वीज नसलेला होता आणि त्याच्यावर माउस, कीबोर्ड आणि रायटर असे तिघे एकाच पोर्टच्या विजेवर जगत होते. सीडी वाचताना लेझर मंद असतो, त्यामुळे तेवढ्यात भागत होते. मोटर पूर्ण वेगात आणि लेझर पूर्ण ताकदीत असताना भागत नव्हते. केबलची दुसरी पिन खोक्यात चुकून आलेली नव्हती, ती दुसऱ्या पोर्टातून वीज ओढण्यासाठीच होती. हब काढला, दोन्ही पिना लॅपटॉपच्या दोन पोर्टांत घातल्या, आणि बाजूला ठेवलेल्या फसलेल्या सीडींपैकीच एक घातली, कारण कोरी वाया घालवायचा धीर होत नव्हता. ती लिहिली गेली. सोळापट वेगाने चार मिनिटांच्या आसपास वेळ लागला. फसलेल्या चारही सीडींमध्ये अपयश कॅलिब्रेशनच्या पायरीवरच आले होते, मुख्य जागेत एक सेक्टरही लिहिला गेला नव्हता आणि प्रत्येक प्रयत्नाने त्या शंभरांतली एखादी चाचणी तेवढी खर्ची पडली होती, त्यामुळे मी खराब म्हणून वेगळ्या काढलेल्या चारही सीडी धडधाकट होत्या.

(२००३ साली महाविद्यालयात असताना आम्ही कर्नल २.४ वर सीडी लिहीत असू, तेव्हा आयडीई जोडणीच्या रायटरला स्कझी या दुसऱ्या जोडणीचा असल्याचे सोंग घ्यायला लावावे लागे आणि त्यासाठी मशीन सुरू होतानाच्या ओळीत तशी सूचना घालावी लागे. लिहिणे चालू असताना कोणी माउसला हात लावला तरी ओरडा बसे, कारण रायटरमधला डेटाचा तात्पुरता साठा, म्हणजे बफर, रिकामा झाला की सीडी गेली. शिवाय भारनियमन होतेच. वीज गेली म्हणून सीडी गेली, हे त्या काळी इतके उघड होते की आता विजेचा संशय मला शेवटी यावा याचे नवल वाटते.)

लिहिलेली सीडी मी शाहूपुरीत दादाच्या कार्यालयात नेऊन दिली. तासाभरात त्याचा फोन आला, की सीडीत फाइली आहेत पण नावे नाहीत. त्याच्या विंडोज संगणकावर सगळी नावे अंडरस्कोअरची रांग आणि पुढे ०००, ००१ अशी दिसत होती, तर माझ्या लॅपटॉपवर तीच सीडी "पूर्वबांध" आणि "विहिरीकडील बाजू" अशी स्वच्छ मराठी नावे दाखवत होती. दोष माझ्या जुन्या वहीतून उतरवलेल्या आज्ञेत होता. सीडीच्या मूळ आयएसओ ९६६० रचनेत नाव म्हणजे रोमन लिपीतली आठ अक्षरे आणि प्रकाराची तीन. लांब आणि इतर लिपींतली नावे ठेवण्यासाठी तिच्यावर दोन वेगवेगळे थर चढवता येतात. त्यांतला रॉक रिज युनिक्सच्या जगाचा, जो लिनक्स वाचते आणि विंडोज वाचत नाही, आणि जोलिएट मायक्रोसॉफ्टचा, जो दोघेही वाचतात. मी जेनआयएसओइमेजला फक्त रॉक रिज सांगितले होते, त्यामुळे विंडोजच्या वाट्याला मूळ आठ अक्षरे आली आणि देवनागरीला त्यांत जागा नसल्याने अंडरस्कोअर आले.

जोलिएट जोडताना एक गोष्ट मराठी नावे ठेवणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जोलिएटमध्ये नाव चौसष्ट चिन्हांपर्यंत असते, आणि संगणकाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्तसुद्धा एकेक स्वतंत्र चिन्ह असते. "पूर्वबांध" हा शब्द आपल्या डोळ्याला चार अक्षरांचा, पण मोजणीत तो नऊ चिन्हांचा भरतो. फोटोंना मी गट क्रमांक, दिशा आणि तारीख घालून हौसेने लांबलचक नावे दिली होती, त्यांतली दोन या मर्यादेबाहेर जात होती. मर्यादा वाढवण्याचा एक पर्याय आहे, पण तो प्रमाणात बसत नाही, आणि न्यायालयातला संगणक कोणता असेल हे आपल्या हाती नसल्याने मी नावे लहान करणेच पसंत केले. नाव बदलल्याने फाइलच्या आतला मजकूर बदलत नाही, म्हणून हॅशही बदलत नाही, हे दादाला मात्र प्रत्यक्ष करून दाखवावे लागले.

दुसरी सीडी लिहिली आणि यावेळी बाहेर देण्याआधी घरीच तपासायची ठरवली. एकेका फाइलचा हॅश वहीतल्या आकड्याशी जुळला. तेवढ्यावर थांबायला हवे होते, पण अतिउत्साहाने मी संपूर्ण सीडीचा हॅश काढून तो इमेजच्या हॅशशी ताडून पाहिला, आणि तो जुळेना. शिवाय अगदी शेवटी वाचनात इनपुट-आउटपुट एरर येत होता. आता मात्र सीडी खरोखर खराब निघाली असे मी म्हणणार, तेवढ्यात लिहितानाचा मजकूर पुन्हा वर सरकवून वाचला. त्यात वोडिमने स्पष्ट म्हटले होते, की लेखनाची पद्धत सांगितलेली नाही म्हणून मी टीएओ धरतो आहे.

टीएओ म्हणजे एका वेळी एक ट्रॅक. या पद्धतीत ट्रॅक संपला की लेझर बंद होताना शेवटी दोन सेक्टर असे उरतात जे ट्रॅकच्या लांबीत मोजले जातात पण ज्यांत वाचण्यासारखा डेटा नसतो. माझी इमेज २,७६,५१३ सेक्टरांची, म्हणजे ५६,६२,९८,६२४ बाइटांची होती. सीडी मात्र आपण दोन सेक्टरांनी लांब आहोत असे सांगत होती, आणि ते दोन वाचायला गेले की वाचन अडखळत होते. डीडी या डेटा जसाच्या तसा वाचणाऱ्या आज्ञेला सेक्टर २०४८ बाइटांचा आणि मोजके २,७६,५१३ सेक्टरच वाच असे सांगितले, तेव्हा हॅश शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. सीडी उत्तमच होती, मी तिच्या हद्दीबाहेरचे दोन सेक्टर मोजत होते. बांधाच्या वादाच्या सीडीत हे व्हावे, यावर दादा फोनवर बराच वेळ हसला.

तरीही न्यायालयात द्यायच्या वस्तूबरोबर "शेवटचे दोन सेक्टर सोडून वाचा" अशी तळटीप जोडणे मला पटले नाही. म्हणून अंतिम तिन्ही प्रती डीएओ पद्धतीने लिहिल्या, ज्यात संपूर्ण सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लेझर न थांबवता एकसलग लिहिली जाते आणि ते दोन सेक्टर निर्माणच होत नाहीत. या तिन्हींचा संपूर्ण हॅश कोणतीही मोजदाद न करता इमेजशी जुळला. त्यांतल्या दोन प्रती पूर्वी फसलेल्या सीडींवरच्या आहेत.

शेवटचे काम प्रमाणपत्रात आकडे भरण्याचे होते. दादाच्या कार्यालयातल्या विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची आज्ञा मुळातच असते, तिने तोच एसएचए-२५६ निघतो, म्हणून त्याच्या सहायकाने सीडीवरून आकडे काढावेत आणि मी फोनवर माझ्या वहीतून ताडावेत असे ठरले. एक हॅश म्हणजे चौसष्ट चिन्हे, त्यांत शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही अक्षरे. पहिल्याच फाइलला एक्केचाळिसाव्या चिन्हावर आमचे जुळेना. त्याच्या तोंडी डी होते आणि माझ्या वहीत बी. पुन्हा वाचले, पुन्हा तेच. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता आणि फोन खरखरत होता. अखेर दादाने फोन हातात घेतला आणि विचारले, "डी म्हणजे दसरा चौकातला का बी म्हणजे बावड्यातला?" सहायक मागून ओरडला, "बावडा, बावडा!" त्यानंतर सगळ्या फाइली आम्ही बावडा आणि दसरा चौक असेच म्हणत वाचून काढल्या, आणि सगळ्या जुळल्या.